भाव कुणी दिला? सांगलीतल्या एका आपोआप चालणाऱ्या दुकानाचं प्रकरण

सांगलीच्या मार्केट यार्डात अडत दुकान आणि कुपवाड एमआयडीसीत हळद दळून पॅक करायचा गाळा, असा एका घराचा दुहेरी धंदा आहे. अडत, म्हणजे शेतकऱ्याचा माल दलालीवर विकून द्यायचं काम, काका बघतात. पॅकिंगचा माल, म्हणजे राजापुरी हळदीची पावडर, बेदाणा आणि थोडी मिरची, वेबसाइटवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर विकायचं काम पुतण्याकडं. पुतण्या इंजिनीअर, पुण्यातली नोकरी सोडून परत आलेला. दोघांच्या मधे दिवाणजी. पुतण्याच्या आजोबांच्या हाताखाली त्यांनी पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचे विक्रीचे हिशेब, लिहायला सुरुवात केली होती. नावं कुणाचीच देत नाही, दुकानाचंही नाही. यार्डातल्या लोकांना ओळख पटेलच, त्याला इलाज नाही. मी त्यांचा करसल्लागार. वह्या माझ्याकडं येतात. त्यामुळं काय बोललं गेलं आणि त्यापायी काय खर्ची पडलं, या दोन्ही बाजू मला बघायला मिळाल्या. लिहायला काकांची आणि पुतण्याची हरकत नाही.

झालं असं, की श्रावणात पुतण्यानं ऑनलाइन विक्रीचा सगळा कारभार कृत्रिम बुद्धिमत्तेच्या हाती दिला. 'सगळा' हा शब्द त्याचाच. तोवर तो रात्री बारापर्यंत मोबाइलवर ग्राहकांना उत्तरं देत बसायचा. त्याला कंटाळून त्यानं चार एजंट उभे केले. मॉडेल एकच, सूचना वेगवेगळ्या. एक ग्राहकांशी बोलणार. दुसरा भाव लावणार आणि सवलत ठरवणार. तिसरा साठा उतरला की यार्डातल्या ठरलेल्या अडत्यांना निरोप धाडून माल मागवणार. चौथा बिलं, पार्सलं आणि बँकेच्या नोंदी जुळवणार.

बँकेच्या साइटवर कोपऱ्यात जो चॅटबॉट दिसतो तो उत्तर देतो आणि थांबतो. एजंटचं तसं नसतं. त्याच्या हातात साधनं दिलेली असतात: बिल बनवायचं, पैशाची लिंक पाठवायची, साठ्याच्या तक्त्यात आकडा बदलायचा. काम केल्यावर काय झालं ते तो वाचतो आणि पुढचं पाऊल स्वतः ठरवतो. मधे माणूस लागत नाही. दुकान 'आपोआप' चालतं ते या चक्राच्या जोरावर. खर्च म्हणाल तर महिन्याला एका पोऱ्याच्या पगाराइतकाही नाही.

सुरुवातीचे आठवडे दृष्ट लागावी असे गेले. अथणी, विजापूरकडचे ग्राहक कानडीत लिहितात. पूर्वी त्यांना 'हिंदीत सांगा' असं उत्तर जायचं, आता कानडीला कानडीत जायला लागलं. रात्रीच्या ऑर्डरी वाढल्या. चौथ्या एजंटनं तर कमालच केली. कुरिअरचं बिल आणि प्रत्यक्ष पाठवलेल्या पार्सलांची वजनं एकापुढं एक मांडून त्यानं दाखवून दिलं, की हलक्या खोक्यांना आकारमान धरून जास्तीचं वजन लावलं जातंय आणि काही पार्सलांना तर आकारमानाच्या हिशेबापेक्षाही जास्त. दिवाणजींना हा संशय होताच, पण शेकडो पावत्या कोण जुळवणार? कुरिअरवाल्यानं निमूट पैसे वळते केले. त्या दिवसापासून दिवाणजी त्या एजंटला 'आपला चौथा' म्हणायला लागले. माणसाच्या तोडीचं काम त्यानं केलं, असं मी म्हणणार नाही. माणूस जे काम कंटाळून सोडून देतो ते त्यानं केलं, आणि मला ते जास्त मोलाचं वाटतं.

पहिला धक्का पावसानं दिला, तो किरकोळ होता. कोयनेतून विसर्ग वाढला की सांगलीत कुणाला सांगावं लागत नाही. आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडं चढायला लागलं की माणसं आपापला माल वर उचलायला लागतात. ४५ ही धोक्याची पातळी, आणि २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, ते कुणी विसरलेलं नाही. एजंट मात्र शांतपणे 'आपलं पार्सल उद्या निघेल' असं सांगत राहिला, कारण वाहतूक बंद पडेल हे त्याच्या कुठल्याच तक्त्यात नव्हतं. ग्राहक चिडले, पुतण्यानं माफीचे निरोप पाठवले, चार दिवसांनी पार्सलं गेली. विषय मिटला.

नवरात्रातली गोष्ट त्याहून महाग पडली. महिला मंडळासाठी एकत्र मागवतोय, काहीतरी कमी करा, असं एका ताईंनी लिहिलं. भाव लावणाऱ्या एजंटनं २० टक्के सोडले. ताईंनी तो स्क्रीनशॉट मैत्रिणींना पाठवला. मग प्रत्येकजण मंडळाची निघाली. एजंटनं प्रत्येकीला तितक्याच आदरानं २० टक्के सोडले, अगदी अर्धा किलोच्या ऑर्डरीलाही. हळद पावडरीत दळप, पॅकिंग, ५ टक्के जीएसटी आणि पार्सलखर्च जाता किती उरतं, हे ज्याला ठाऊक आहे त्यानं पुढचा हिशेब स्वतः करावा. पुतण्याला हे आठवडाभरानं कळलं, कारण विक्रीचा आकडा वाढत होता आणि वाढता आकडा कुणी तपासत नाही.

ही गंमत काही सांगलीचीच नाही. अँथ्रॉपिक या अमेरिकन कंपनीनं २०२५ च्या मार्च-एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या आपल्या कचेरीत एक छोटं दुकान स्वतःच्याच मॉडेलला चालवायला दिलं होतं. अँडन लॅब्स नावाची संस्था सोबतीला होती. फ्रिज, काही टोपल्या आणि पैसे भरायला एक टॅबलेट, एवढाच पसारा. १,००० डॉलरच्या आसपास भांडवल होतं, ते महिन्याभरात ८०० च्या खाली आलं. कर्मचाऱ्यांनी थट्टेनं टंगस्टन धातूचे ठोकळे मागितले. मॉडेलनं ते मागवले आणि खरेदीपेक्षा कमी भावात विकले. कर्मचाऱ्यांना २५ टक्के सवलत जाहीर केली. जवळजवळ सगळे ग्राहक कर्मचारीच आहेत हे लक्षात आणून दिल्यावर त्याला ते पटलं, आणि थोड्याच दिवसांत सवलत परत सुरू झाली. १५ डॉलरला मिळणाऱ्या पेयाच्या सहा डब्यांसाठी एकानं १०० डॉलर देऊ केले, तेव्हा मात्र 'लक्षात ठेवतो' एवढंच उत्तर. मधेच एकदा त्यानं निळा कोट आणि लाल टाय घालून आपण स्वतः माल पोचवायला येत असल्याचंही कळवून टाकलं होतं. कंपनीनं हे सगळं स्वतःच प्रसिद्ध केलं, ही चांगली गोष्ट.

प्रयोगाचा दुसरा टप्पा त्याच वर्षीच्या डिसेंबरात जाहीर झाला. त्यात मॉडेल नवं होतं, धंदा बराच सुधारला होता आणि वर देखरेखीला एक 'सीईओ' एजंटही बसवला होता. त्यातली कांद्याची हकिगत आपल्याकडं गाजायला हवी होती. एका कर्मचाऱ्यानं सुचवलं, की जानेवारीत घ्यायच्या कांद्याचा भाव आत्ताच बांधून करार करावा. दोन्ही एजंटांना कल्पना पसंत पडली. मग कुणीतरी लक्षात आणून दिलं, की अमेरिकेत १९५८ पासून कांद्याच्या वायद्यावर कायद्यानं बंदी आहे. लासलगावच्या माणसाला हे वाचून काय वाटेल, देव जाणे. पण माझ्या दृष्टीनं त्या अहवालातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. 'सीईओ' बसवून फार काही साधलं नाही, कारण तोही सवलती मंजूरच करत सुटला. फरक पडला तो कार्यपद्धती घालून दिल्यावर: भाव सांगण्याआधी आणि पोचवायची तारीख देण्याआधी आकडे पुन्हा तपासायचे, ही सक्ती. काकांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग आमचे दिवाणजी दुसरं काय करतात?"

आता मूळ प्रकरणाकडं येतो. दिवाळीच्या तोंडावर एका बाहेरगावच्या मिठाईवाल्याचा निरोप आला. पुतण्यानं मला तो संवाद पूर्ण दाखवला. वेळ रात्री पावणेबाराची.

"नमस्कार. हिरवा बेदाणा एक नंबर ६० बॉक्स पाहिजे. वसुबारसेच्या आत पोच. भाव सांगा."

एजंटनं नमस्कार करून किलोचा भाव दिला. १५ किलोचा एक याप्रमाणे ६० बॉक्स मिळतील, सात दिवसांत पोच, असंही लिहिलं.

"भाव फिक्स का? नंतर कटकट नको."

"हो, भाव निश्चित आहे. आपली ऑर्डर नोंदवू का?"

"नोंदवा. पंचवीस टक्के आत्ता टाकतो."

लिंक गेली, पैसे आले, पावती गेली. पुढं 'शुभ दीपावली' आणि पणतीचं चित्र. सगळं मिळून दहा मिनिटांच्या आत. एजंटची भाषा इतकी नेटकी, की मी असतो तरी मला संशय आला नसता.

बेदाण्याच्या बाजाराशी संबंध नसलेल्यांसाठी इथं थांबून सांगायला हवं. तासगाव आणि सांगलीत बेदाण्याचे सौदे, म्हणजे लिलाव, ठरलेल्या वारी होतात. पण दिवाळीच्या आधी साधारण महिनाभर ते बंद ठेवतात. खरेदीदाराकडं अडत्याची येणी, अडत्याकडं शेतकऱ्याची देणी, ही वर्षभराची साखळी त्या काळात फेडून शून्यावर आणायची आणि मग दिवाळीनंतर मुहूर्तानं नवे सौदे काढायचे. बाजारात त्याला 'झिरो पेमेंट' म्हणतात. ज्याची बाकी फिटली नाही त्याला पुढच्या सौद्यात उभं राहणं अवघड जातं. बेदाण्याच्या पतपुरवठ्याची सगळी शिस्त या एका महिन्यावर टेकलेली आहे, आणि ती कुठल्या कायद्यात लिहिलेली नाही.

भाव लावणाऱ्या एजंटला सौद्यांचे जाहीर भाव वाचायला लावले होते. सौदे बंद झाले आणि तक्ता हलेना. त्यानं शेवटचा भाव हाच आजचा भाव धरला. माल मागवणाऱ्या एजंटनं एका अडत्याला आधीच निरोप धाडलेला होता. त्यावर 'सौदे निघाले की बघू' असं उत्तर आलं होतं. साठ्याच्या तक्त्यात हे 'येऊ घातलेला माल' म्हणून चढलं. ग्राहकाशी बोलणाऱ्या एजंटनं तो तक्ता वाचला आणि ६० बॉक्स कबूल केले. तिघांपैकी एकानंही आपल्या परीनं सूचना मोडली नव्हती. वास्तविक त्या दिवशी गाळ्यात एक नंबरचा माल नावापुरता होता, आणि यार्डात सौद्यानं घ्यायची सोय नव्हती. दिवाळीची मागणी शिगेला पोचल्यानं ज्यांचा माल कोल्ड स्टोरेजला होता ते सांगतील तो भाव.

सकाळी बँकेचा उतारा दिवाणजींनी बघितला. एवढी रक्कम कुणाची, म्हणून त्यांनी पुतण्याला विचारलं, आणि उलगडा झाला. मी त्या दिवशी दुकानात होतो, दुसऱ्याच कामासाठी. काका गादीवर, पुतण्या उभा.

"काका, अ‍ॅडव्हान्स परत करून टाकतो. सिस्टीमची चूक झाली म्हणून कळवतो."

"भाव कुणी दिला?"

"एजंटनं."

"कुठल्या नंबरवरनं?"

"आपल्याच."

"मग आपणच दिला की रे."

पुतण्यानं माझ्याकडं बघितलं. कायद्यात काहीतरी वाट असेल, अशी त्याची अपेक्षा. वाट असलीच तर ती उलट्या बाजूला जाते. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मधलं ११ वं कलम सांगतं, की आपोआप चालण्यासाठी तुम्ही किंवा तुमच्या वतीनं कुणी बसवलेल्या यंत्रणेनं पाठवलेला निरोप तुमचाच धरला जातो. व्यवहार व्हॉट्सअ‍ॅपवर झाला म्हणून कच्चा ठरत नाही. त्याच कायद्याचं कलम १० अ त्यासाठी आहे. आणि करार कायदा १८७२ चं २२ वं कलम म्हणतं, की वस्तुस्थितीबद्दल एकाच पक्षाचा गैरसमज झाला एवढ्यावरून करार रद्द करता येत नाही. हे कायदे करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढं एजंट नव्हते, पण कलमं चपखल बसतात.

कॅनडात याच मुद्द्यावर निकाल लागलेला आहे. एअर कॅनडाच्या चॅटबॉटनं आजीच्या निधनानंतर प्रवास करणाऱ्या एका ग्राहकाला सवलत नंतरही मागता येईल असं सांगितलं. कंपनीचा नियम तसा नव्हता. चॅटबॉट हे वेगळं अस्तित्व आहे, त्याच्या बोलण्याला तोच जबाबदार, असा बचाव कंपनीनं केला. ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या न्यायाधिकरणानं फेब्रुवारी २०२४ मध्ये तो फेटाळला आणि सुमारे ८१२ कॅनडियन डॉलर द्यायला लावले. वेबसाइट तुमची, तर तिच्यावरचं सगळं बोलणंही तुमचं. काकांना या निकालाची गरज नव्हती.

काकांनी तासगावच्या ओळखीच्या व्यापाऱ्याला फोन लावला. त्याचा माल कोल्डला होता. झिरो पेमेंटच्या दिवसांत उधारीचा प्रश्नच नाही, पैसे लगेच टाकायचे. भाव ऐकून पुतण्याचा चेहरा उतरला: कबूल केलेल्या भावापेक्षा किलोमागं ४० रुपये जास्त. ९०० किलोला ३६,००० रुपये. माल वेळेत गेला. मिठाईवाल्याला कुणी काही सांगितलं नाही.

हे ऐकून यार्डातल्या बऱ्याच जणांनी मान डोलावली: बघा, यंत्राच्या नादाला लागलं की असंच व्हायचं. मला हा निष्कर्ष आळशी वाटतो. कुरिअरच्या बिलातली चोरी त्याच यंत्रानं धरली होती. आणि पुतण्याचं म्हणणं, की मॉडेल अजून तितकं हुशार नाही, पुढच्या वर्षीचं असेल, तेही मला पटत नाही. पुढच्या वर्षीचं मॉडेलही झिरो पेमेंट कुणी सांगितल्याशिवाय कसं ओळखणार? फार तर भाव बरेच दिवस हलला नाही म्हणून त्याला शंका येईल. तेवढीही पुरेल कदाचित. पण 'कदाचित'वर ६० बॉक्स कबूल करायचे का, हा प्रश्न हुशारीचा नाही.

तो प्रश्न दिवाणजींनी सोडवला, आणि त्यांना त्यात काही विशेष केल्यासारखं वाटलं नाही. जुन्या पद्धतीत दुकानात कच्ची वही आणि पक्की वही वेगळी असते. कच्च्यात काहीही लिहा, खोडा, गिरवा. पक्क्यात गेलेलं खोडत नाहीत. चुकलं तर उलटी नोंद करावी लागते, आणि ती सगळ्यांना दिसते. दिवाणजी म्हणाले, "याला कच्च्यात काय लिहायचं ते लिहू दे. पक्क्याला हात लावायच्या आधी माणूस विचारू दे."

पुतण्यानं आधी जी विभागणी केली होती ती सोपं काम आणि अवघड काम अशी होती: सोपं एजंटला, अवघड आपल्याला. भाव सांगणं सोपं, म्हणून दिलं. पार्सलांची वजनं जुळवणं किचकट, म्हणून तो भीतभीत देत होता. प्रत्यक्षात उलटं निघालं. वजनं जुळवताना चूक झाली असती तर कुरिअरवाल्यानं 'नाही' म्हटलं असतं, एवढंच. 'उद्या निघेल' हा निरोप माफी मागून फिरवता आला. सवलतीचे पैसे गेले, तरी सवलत थांबवता आली. 'भाव निश्चित आहे' हे चार सेकंदांत लिहून होतं आणि मग परत घेता येत नाही. आपोआप चालणाऱ्या धंद्याविषयी बोलताना लोक यंत्र किती कामं करतं ते मोजतात. चूक झाली तर ती कळायला किती वेळ लागतो, आणि कळल्यावर मागं येता येतं का, हे मोजायला हवं. त्या हिशेबानं या दुकानातलं सत्तर-ऐंशी टक्के काम खुशाल एजंटकडं राहू शकतं. आकडा माझ्या अंदाजाचा आहे, पुतण्या तो नव्वदवर नेतो.

मग एजंटला द्यायच्या नियमांची वही लिहायला दोघं बसले. काका सांगणार, पुतण्या टाइप करणार. हे काम दिवाळीनंतरच्या निवांत दुपारी चाललं, आणि सगळ्या प्रकरणात मला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. झिरो पेमेंटच्या काळात बेदाण्याचा भाव कुणालाही द्यायचा नाही, नोंद घेऊन ठेवायची. अडत्याचं 'बघू' साठ्यात धरायचं नाही. माल गाळ्यात उतरून मोजला की मगच आकडा चढवायचा. पाणी ३५ फुटांच्या पुढं गेलं की पोचवायची तारीख द्यायची नाही. पितृपक्षात मिरचीची मोठी ऑर्डर आली तर एकदा फोन करून खात्री करायची.

"अमक्याकडनं हळद घ्यायची नाही," काका म्हणाले.

"का? त्यांचा माल तर चांगला असतो."

"माल चांगला असतो. वजन चोख नसतं."

"हे मी काय म्हणून लिहू?"

"लिहू नको. नुसतं नाव काढून टाक."

पुतण्यानं नाव काढलं, कारण लिहिलं नाही. असा माणूस धंद्यात असतो म्हणूनच यंत्राला काही गोष्टी अर्धवटच कळणार, आणि कदाचित त्या अर्धवट राहणंच बरं. ग्राहकाच्या निरोपाला उत्तर देताना एजंटनं चुकून 'अमक्यांचं वजन चोख नसल्यानं' असं लिहिलं, तर ३६,००० मध्ये भागणार नाही.

आता व्यवस्था अशी आहे. ग्राहकांशी बोलणं, पार्सलांचा माग, बिलं, जीएसटीची जुळवणी, हे सगळं एजंटकडं. किरकोळ विक्रीचे भाव आठवड्याला पुतण्या ठरवतो, एजंट ते फक्त सांगतो. परतावा ५०० रुपयांपर्यंत एजंट देतो. ठोक ऑर्डर आली की 'दुकानातून कळवतो' एवढंच म्हणायचं आणि काकांच्या फोनवर मंजुरीचं बटण पाठवायचं. एजंटकडून खरेदी पूर्ण बंद.

यातही एक गोम निघाली. मंजुरीची बटणं सुरुवातीला इतकी यायची, की काका चष्मा न लावता 'ठीक' दाबत सुटले. एकदा तर एका ग्राहकाची तक्रारही त्यांनी मंजूर केली. माणूस मधे बसवला म्हणजे माणूस बघतोच असं नाही. अमेरिकेतल्या त्या 'सीईओ' एजंटची खोड आमच्या काकांना लागायला आठवडा पुरला. शेवटी पुतण्यानं बटणं कमी केली. आता ठोक भाव, एका मर्यादेपुढचा परतावा आणि नवा ठोक ग्राहक, एवढंच काकांपर्यंत जातं. दिवसाला दोन-तीन निरोप. ते काका वाचतात, कधीकधी फोन करून ग्राहकाला घरचं विचारतात आणि मगच बटण दाबतात. पुतण्याच्या मते त्यात वेळ जातो. काकांच्या मते तेच काम आहे.

माणूस अजिबात नसलेला धंदा, अशी जी चर्चा हल्ली ऐकू येते, तिच्याबद्दल दोनच गोष्टी. आपल्याकडं कंपनी कायदा २०१३ च्या १४९ व्या कलमाप्रमाणं संचालक व्यक्तीच असावी लागते, तेव्हा एजंट कितीही कारभारी झाला तरी सहीला माणूस लागणारच. आणि ज्यांनी मोठ्या हौसेनं माणसं काढली त्यांच्यातले काही मागं फिरलेत. स्वीडनच्या क्लार्ना कंपनीनं २०२४ मध्ये आपला एआय मदतनीस ७०० माणसांचं काम करतो म्हणून सांगितलं होतं. पुढच्याच वर्षी ग्राहकसेवेत पुन्हा माणसं घ्यायला सुरुवात केली. याचा अर्थ लाट ओसरली असा मी घेत नाही. पुतण्यासारखी पोरं सांगली-मिरजेतच डझनावारी असतील, आणि रात्री पावणेबाराला कानडीत उत्तर देणारं दुकान ज्याच्याकडं आहे तो पुढं जाणारच.

दिवाणजींचा प्रश्न मात्र उरतो. ते थकलेत. त्यांना सुट्टी दिली तर बँकेच्या उताऱ्यावर नजर कोण टाकणार? चौथा एजंट उतारा जुळवतो, पण त्या दिवशी मिठाईवाल्याची रक्कम त्यानं बिनतक्रार जुळवली होती, कारण पावती होती, ऑर्डर होती, आकडे बरोबर होते. काहीतरी चुकतंय असं वाटलं ते दिवाणजींना, आणि ते का वाटलं हे त्यांना नीटसं सांगता येत नाही. 'या दिवसांत एवढे पैसे कोण देतंय' एवढंच म्हणतात. पुतण्यानं तेही सूचनांत लिहून टाकलंय: झिरो पेमेंटच्या काळात आलेली मोठी रक्कम वेगळी काढून दाखवायची. दिवाणजींच्या डोक्यात असे अजून किती नियम आहेत, ते प्रसंग आल्याशिवाय त्यांनाही आठवणार नाहीत.

वर्षअखेरीला ३६,००० कुठं दाखवायचे यावर दुकानात वाद झाला. पुतण्याला वेगळं खातं हवं होतं, 'एआय प्रयोग' नावाचं, म्हणजे प्रयोगाचा खरा खर्च कळेल. काका म्हणाले, धंद्यातला तोटा तो धंद्यातला तोटा, त्याला नाव कशाला? हिशेबाच्या दृष्टीनं काकांचं बरोबर आहे. बेदाणा चढ्या भावानं घेतला तो खरेदीत गेला, उतरत्या भावानं विकला तो विक्रीत, आणि फरक ढोबळ नफ्यातच खाली आला. त्याला वेगळं खातं निघत नाही. एजंटची वर्गणी कार्यालयीन खर्चात घातली. पुतण्यानं आपल्या लॅपटॉपवर स्वतःचा तक्ता ठेवलाय. त्यात हे ३६,००० आहेत, नवरात्रातली सवलत आहे, कुरिअरकडून परत आलेले पैसे आहेत, रात्रीच्या ऑर्डरींचा नफा आहे. बेरीज अजून उणे आहे, फार नाही. नव्या हळदीचा हंगाम सरला की परत मांडून बघू, म्हणतो.